‘जिद्दी’ला इंग्रजीत काय म्हणाल? वाईट सवयींचे नेमके इंग्रजी शब्द आणि आपली मुलं

आपल्या जळगाव-धुळ्याची मुलं शिक्षण झालं की पुणे, मुंबई, सुरत, नाहीतर आखाती देशात कामाला निघतात. मुलाखतीत त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: तुमच्यातला एक दोष सांगा. या प्रश्नासाठी बहुतेक मुलांकडे तीनच शब्द असतात. बॅड, लेझी आणि अँग्री. मग कोणी सरळ सांगून टाकतो, ‘आय ॲम लेझी’. समोरचा माणूस हसून पुढच्याला बोलावतो. मुलगा खरं तर आळशी नसतोच. काम मनासारखं होईपर्यंत तो हातातून सोडत नाही, म्हणून त्याला उशीर होतो. एवढंच त्याला सांगायचं होतं, पण त्यासाठी शब्द नव्हता.

महाराष्ट्रात 2000 सालापासून सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे मराठी शाळेतली, उर्दू शाळेतली सगळी मुलं दहा-दहा वर्षं इंग्रजी शिकतात. फळं, रंग, प्राणी, नातेवाईक, सगळ्यांची नावं पाठ असतात. माणसाच्या स्वभावाचं म्हणाल तर गाडी ‘गुड बॉय, बॅड बॉय’च्या पुढे फारशी जात नाही. चांगल्या गुणांचे शब्द तरी निबंधात येतात: ऑनेस्ट, काइंड, हार्डवर्किंग. वाईट सवयींचे शब्द निबंधात येत नाहीत, आणि आयुष्यात तेच जास्त लागतात. मेमोत, पोलिसांच्या कागदात, डॉक्टरच्या फाइलमध्ये, शाळेच्या शेऱ्यात तेच असतात.

आता घरातलाच एक शब्द घ्या. जिद्दी. अम्मी जेव्हा म्हणते, ‘बडा जिद्दी लडका है’, तेव्हा ती तक्रार करत असते. हाच मुलगा मराठी शाळेत जातो आणि बाई शेरा लिहितात, ‘मुलगा जिद्दी आहे’, तेव्हा ती शाबासकी असते. शब्द एकच. अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ विरोध, उलट बाजू असा. उर्दूत तो हट्टाकडे गेला आणि मराठीत चिकाटीकडे. आपल्या मुलांच्या डोक्यात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. इंग्रजीत लिहायची वेळ आली की त्यांना कळत नाही की आपण तक्रार लिहितोय की तारीफ.

इंग्रजीत या दोन्हींसाठी वेगळी घरं आहेत. मराठीतल्या जिद्दीला डिटरमिन्ड म्हणतात. पुन्हा पुन्हा पडूनही प्रयत्न सोडत नाही तो पर्सिस्टंट. अम्मीच्या तक्रारीतला जिद्दी म्हणजे स्टबर्न, आपला साधा हट्टी. त्यापेक्षा कडक शब्द ऑब्स्टिनेट: चार जणांनी समजावलं, कारणं दिली, तरी ऐकत नाही असा. हेडस्ट्राँग म्हणजे स्वतःच्या डोक्याने चालणारा, कोणाला न जुमानणारा, यात थोडं कौतुकही लपलेलं असू शकतं. ॲडमंट हा शब्द सहसा एखाद्या मुद्द्यापुरता वापरतात: बाकी वेळी माणूस नरम असेल, पण या एका गोष्टीवर हटायला तयार नाही. आणखी एक शब्द आहे, पिग-हेडेड. तो ऐकून ठेवा, पण अर्जात किंवा शेऱ्यात कधी लिहू नका, तो सरळ अपमान आहे. मुलाखतीत मुलाने ‘आय ॲम स्टबर्न’ म्हटलं तर दार अर्धं बंद झालं. ‘आय ॲम डिटरमिन्ड’ म्हटलं तर ऐकणारा उदाहरण मागेल, आणि मुलाकडे उदाहरण असेल तर काम झालं.

असाच गोंधळ ‘गरीब’चा. मराठीत ‘पोरगी स्वभावाने गरीब आहे’ म्हणतो, म्हणजे शांत, कोणाला उलटून न बोलणारी. लग्नाच्या बायोडाटात एखादा भाऊ त्याचं भाषांतर ‘पुअर नेचर’ असं करून मोकळा होतो. इंग्रजी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘वाईट स्वभाव’ असा लागतो! तिथे जेंटल किंवा माइल्ड हवं. भोळ्या माणसाला आपण इनोसंट म्हणतो, चालतं, पण इनोसंट म्हणजे निर्दोष, निरपराधही. कोणीही येऊन फसवून जावं असा भोळा असेल तर तो गलिबल. जगाचा अनुभव नसलेला भोळा नाईव्ह. आणि मोठ्या माणसाला नॉटी कधीच लिहू नका. लहान मुलासाठी नॉटी ठीक, मोठ्यांच्या बाबतीत त्याला वेगळाच वास येतो. खोडकरसाठी मिस्चिव्हस हा चांगला शब्द आहे. बरेच जण त्याचा उच्चार ‘मिस्चिव्हियस’ करतात. मधला ‘यस’ कुठेच नाही.

एक शब्द तर आपल्या समाजाने नीट लक्षात ठेवावा असा आहे: सस्पिशस. मराठीत संशय घेणारा तो संशयी आणि ज्याच्यावर संशय घ्यावा तो संशयास्पद. उर्दूत शक्की वेगळा, मशकूक वेगळा. इंग्रजीत मात्र दोघांनाही सस्पिशस म्हणतात. ‘ही इज सस्पिशस’ या वाक्यातून तो माणूस शक्की आहे की त्याच्यावरच शक आहे, हे कळत नाही. शेजाऱ्याच्या शक्की स्वभावाची तक्रार इंग्रजीत लिहिताना कोणी नुसतं एवढंच लिहिलं तर कागद वाचणारा भलताच अर्थ काढू शकतो. म्हणून पुढे जोडायचं: ‘सस्पिशस ऑफ एव्हरीवन’, म्हणजे सगळ्यांवर संशय घेणारा. ‘ऑफ’ लागला की घोळ मिटतो.

आपल्या घरांत चार-चार भाषा असतात. घरी उर्दू किंवा उर्दूमिश्रित बोली, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी, मोबाईलवर हिंदी. यावल-रावेरकडच्या तडवी घरांत तर आणखी वेगळी बोली. लोक याला अडचण समजतात, इंग्लिश मीडियमची जाहिरात करणारे तर जास्तच. आम्हाला वाटतं, स्वभावाचे शब्द शिकताना हीच आपली पुंजी आहे. कारण बारीक फरक आपल्याकडे आधीच केलेले आहेत.

हसद आणि रश्क यांचंच बघा. दुसऱ्याची नेमत जावी असं वाटणं म्हणजे हसद. त्याच्याकडची राहू दे, मलाही तशी मिळावी असं वाटणं म्हणजे रश्क. दीनी तालीम घेतलेल्या दहा वर्षांच्या मुलालाही हा फरक सांगता येतो. मराठीत मत्सर आणि हेवा या जोडीत साधारण असंच अंतर आहे. इंग्रजीत एन्व्हियस आणि जेलस अशी जोडी आहे, पण तिची वाटणी वेगळ्या जागी होते. दुसऱ्याकडे आहे ते मला हवं, हे एन्व्हियस. माझं आहे ते दुसरा घेऊन जाईल या भीतीने जळणं, हे जेलस. नवा भाऊ आल्यावर मोठी बहीण रुसते ती जेलस. मैत्रिणीचा नवा फोन पाहून तिला तसाच हवा होतो तेव्हा ती एन्व्हियस. रोजच्या बोलण्यात इंग्रजही दोन्हींसाठी जेलस म्हणून टाकतात, त्यामुळे बोलताना कोणी चूक धरणार नाही. लिहिताना फरक पाळावा. हसदमधली दुष्टपणाची धार दोन्हींत पुरी येत नाही, ती दाखवायची असेल तर स्पाइटफुल लागतो: दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून वागणारा.

गर्वाचंही तसंच. उर्दूत फख्र वेगळा, गुरूर वेगळा. मराठीत अभिमानी आणि गर्विष्ठ. इंग्रजीत प्राउड दोन्ही बाजूंना चालतो, म्हणून तो धोक्याचा. मुलाचा अभिमान वाटतो तेव्हा ‘प्राउड ऑफ माय सन’. माणूस मगरूर असेल तर ॲरोगंट. स्वतःच्या हुशारीवर फिदा असेल तर कन्सीटेड. रूपावर, कपड्यांवर फिदा असेल तर व्हेन. आणि खुद्दार माणूस यातला कोणीच नाही, तो सेल्फ-रिस्पेक्टिंग. खुद्दार बापाची ओळख करून देताना मुलगा ‘माय फादर इज अ प्राउड मॅन’ म्हणाला तर ऐकणारा कोणता अर्थ घेईल, सांगता येत नाही.

शब्द बनवायची युक्तीही आपल्याला ओळखीची आहे. फारसीतून आलेला ‘बे’ मराठीने किती सहज वापरला: बेपर्वा, बेफिकीर, बेजबाबदार, बेशिस्त, बेइमान. हा ‘बे’ शब्दाच्या आधी लागतो, इंग्रजीत तेच काम ‘लेस’ शेवटी लागून करतं. केअर म्हणजे काळजी, केअरलेस म्हणजे बेपर्वा. शेम म्हणजे लाज, शेमलेस म्हणजे बेशरम. थॉटलेस म्हणजे दुसऱ्याचा विचार न करणारा. कधी ‘इर’ किंवा ‘डिस’ आधी लागतो: इरिस्पॉन्सिबल बेजबाबदार, डिसऑनेस्ट बेइमान. तसाच ‘खोर’. फारसीत त्याचा अर्थ खाणारा. लाचखोर, नफेखोर, चुगलखोर, भांडखोर: लाच खाणारा तर खरंच खातो, पण भांडखोर भांडण खातो ही कल्पना मजेची आहे. भांडखोराला इंग्रजीत क्वारलसम म्हणतात. लाचखोराला करप्ट. चुगलखोरासाठी एक शब्द पुरत नाही. इकडचं तिकडे सांगणारा गॉसिपी, आणि खोटं रचून बदनामी करणाऱ्याच्या बोलण्याला स्लँडरस म्हणतात. गीबत आणि बोहतान यांत जो फरक आपण शिकलो, तोच हा. गीबत खरी असूनही गीबतच, बोहतान तर खोटंच.

गीबतचा विषय निघाला म्हणून एक बोलून टाकू. मुलांना वाईट स्वभावाचे शब्द शिकवायचे म्हणजे त्यांच्या हातात नावं ठेवायचं हत्यार द्यायचं का, असा प्रश्न काही पालक विचारतील. रास्त आहे. सूरह हुजुरातच्या 11व्या आयतीत एकमेकांना चिडवायच्या नावांनी हाक मारायला मनाई आहे, 12व्या आयतीत गीबतीला. पण याच ठिकाणी इंग्रजीचं एक व्याकरण कामाला येतं, आणि ते शाळेत फार घाईत शिकवलं जातं. ‘यू आर रूड’ म्हणजे तू उद्धटच आहेस, तुझा स्वभावच तसा. ‘यू आर बीइंग रूड’ म्हणजे आत्ता तू उद्धटपणे वागतोयस. पहिल्यात माणसावर शिक्का बसतो, दुसऱ्यात वागण्यावर बोट ठेवलं जातं. मराठीतही ‘तू खोटारडा आहेस’ आणि ‘तू खोटं बोललास’ यांत हेच अंतर आहे. ‘ही इज लेझी’ऐवजी ‘ही टेंड्स टू बी केअरलेस विथ होमवर्क’ म्हटलं की अर्थ होतो, अभ्यासात जरा निष्काळजीपणा करण्याकडे त्याचा कल असतो. टेंड्स टू, कॅन बी, अ बिट, हे तीन छोटे जोड शिकवले तर मूल कोणाच्याही दोषाबद्दल सभ्यपणे बोलू शकेल, स्वतःच्याही. सुरुवातीच्या मुलाखतीतल्या मुलाला हेच हवं होतं: ‘आय कॅन बी टू पर्टिक्युलर, सो आय समटाइम्स टेक लाँगर.’ मी जरा जास्तच चोखंदळ आहे, म्हणून कधी कधी वेळ लागतो.

व्याकरणाच्या आणखी दोन खोड्या. कंजूस हा आपल्याकडे नामही आहे आणि विशेषणही: ‘तो कंजूस आहे’, ‘तो एक नंबरचा कंजूस’. इंग्रजीत मायझर हे फक्त नाम. म्हणून ‘ही इज मायझर’ चुकतं. एकतर ‘ही इज अ मायझर’, नाहीतर ‘ही इज मायझर्ली’. बोलण्यात स्टिंजी सोपा. मीन हा ब्रिटिश इंग्रजीत कंजूस, पण अमेरिकन माणूस मीन म्हणतो तेव्हा त्याला ‘दुष्ट, लागट’ म्हणायचं असतं. काटकसरी माणसाला यातलं काहीच म्हणू नये, तो थ्रिफ्टी. ज्या घरात आई महिन्याचा किराणा मोजूनमापून चालवते, तिला स्टिंजी म्हणणं अन्याय आहे. उडवणारा, इसराफ करणारा तो एक्स्ट्रॅव्हॅगंट. दुसरी खोड रागाची: ‘ही इज शॉर्ट टेम्पर’ असं सर्रास लिहितात, बरोबर आहे शॉर्ट-टेम्पर्ड. अँग्री म्हणजे आत्ता रागावलेला. रागीट स्वभावासाठी शॉर्ट-टेम्पर्ड किंवा हॉट-टेम्पर्ड, आणि बारीकसारीक गोष्टीवर चिडणाऱ्यासाठी इरिटेबल.

आजारपणाच्या कागदांवरही हे शब्द येतात. तंबाखू, गुटखा यांची सवय विचारणाऱ्या रकान्यात डॉक्टर किंवा विमावाले ऑकेजनल, रेग्युलर, हेवी असं काहीतरी लिहितात. ऑकेजनल म्हणजे अधूनमधून. क्रॉनिक शब्द दिसला की लोक घाबरतात, त्यांना वाटतं भयंकर. क्रॉनिक म्हणजे जुनं, बराच काळ चाललेलं, बस. जुना खोकला सौम्य असला तरी क्रॉनिकच.

हे शब्द शोधायचे कुठे? मोबाईलवरचं भाषांतर एक शब्द देतं आणि मोकळं होतं, छटा सांगत नाही. मराठीसाठी आजही मोलस्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी ठेवावा असा आहे. जेम्स मोलस्वर्थने तो आधी 1831 साली काढला, वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857ची. त्यात लबाड, आगाऊ, चेंगट असे बोलीतले शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ सापडतात. अरबी-फारसीतून मराठीत आलेल्या शब्दांपुढे त्याने तशी खूणही केली आहे, ती पाहताना आपल्या घरातले किती शब्द मराठीचे झालेत ते कळतं. उर्दूसाठी जॉन प्लॅट्सचा 1884चा कोश आहे. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. त्यांतलं इंग्रजी जुनं आहे, काही शब्द आज कोणी वापरत नाही. म्हणून तिथे सापडलेला शब्द आजच्या शाळकरी इंग्रजी कोशात एकदा पडताळून घ्यावा. उर्दू वाचणारे आजोबा आणि मराठी शाळेतली नात असे दोघं मिळून बसले तर काम झपाट्याने होतं.

आता जिथे एका शब्दाची किंमत रोजीरोटीत मोजली जाते, तिकडे येऊ. आपल्याकडे सुरत-नागपूर महामार्ग धुळे आणि जळगाव दोन्हींतून जातो, मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यातून. ट्रक, टेम्पो, रिक्षा चालवणारे आपल्यात भरपूर. अपघात झाला की कागदावर रॅश आणि नेग्लिजंट हे दोन शब्द येतात. भारतीय दंड विधानाच्या कलम 304-अ मध्ये ते होते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्येही आहेत. घरचे लोक दोन्हींचा अर्थ ‘निष्काळजी’ असाच धरतात. तसं नाही. नेग्लिजंट म्हणजे जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही. इंडिकेटर न देता वळला. रॅश म्हणजे धोका माहीत होता, तरी घातला. समोरून गाडी येताना दिसत असूनही ओव्हरटेक केला. रेकलेसही याच बाजूचा. साधा केअरलेस यांच्यात सगळ्यात सौम्य, तो वहीत शाई सांडणाऱ्यालाही लागतो. वकिलाशी बोलताना कोणता शब्द कोणत्या कृत्यासाठी लिहिलाय, हे विचारता आलं पाहिजे.

दुसरी जागा कारखान्याची. जळगावच्या एमआयडीसीत चटई, पाइप, डाळ मिल, जिथे असेल तिथे, कामगाराला मेमो किंवा कारणे दाखवा नोटीस पुष्कळदा इंग्रजीत येते. मुलगा सही करून घरी आणतो, मग मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेतात. तो सांगतो, ‘साहेबाचं ऐकलं नाही, असं लिहिलंय.’ पण कागदावर असतं विलफुल इनसबॉर्डिनेशन. 1946च्या स्थायी आदेश कायद्याखाली जे नमुना नियम झाले, त्यांत गैरवर्तनाची यादी दिली होती, आणि त्या यादीत दोन विशेषणांवर सगळा भार आहे: विलफुल आणि हॅबिच्युअल. इनसबॉर्डिनेशन म्हणजे वरिष्ठाचा हुकूम न मानणं. विलफुल म्हणजे जाणूनबुजून, ठरवून. मशीनच्या आवाजात हुकूम ऐकूच आला नाही, तर विलफुल कसं? तसंच उशिरा येणं आणि कामातला निष्काळजीपणा. त्या यादीत दोन्हींच्या आधी हॅबिच्युअल आहे, म्हणजे नेहमीचा, सवयीचा. एक दिवस बस चुकली म्हणून उशीर झाला, तो लेट, पण हॅबिच्युअल नाही.

त्याच कायद्याने असंही सांगितलं होतं की स्थायी आदेश कारखान्यात इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, दोन्हींत फलकावर लावायचे. गेटजवळ असा फलक असेल तर दोन्ही मजकूर शेजारी शेजारी असतात. सुटीत मोबाईलवर फोटो काढून आणा आणि घरी ताडून बघा. गैरवर्तनाचा आरोप ठेवला की कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, तेही त्या नियमांत आहे. उत्तर लिहिताना आधी नोटिशीतल्या विशेषणाखाली रेघ मारावी आणि त्याच शब्दाला उत्तर द्यावं. म्हणजे ‘मी उशिरा आलो नाही’ असं खोटं लिहायची गरज नाही. ‘आय वॉज लेट ऑन वन डे, बट आय ॲम नॉट हॅबिच्युअली लेट’ एवढं लिहून खाली मागच्या सहा महिन्यांच्या हजेरीच्या तारखा जोडाव्यात.